तिसऱ्या वळणावर गाडी अडकते

नळदुर्ग
गुरुवार, ४ सप्टेंबर २०२५, दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटे

मामा, शरणार्थ.

आत्ता मी कॉम्प्युटरचं झाकण उघडून बसलो आहे. काढलेले स्क्रू बशीत मोजून ठेवलेत. आतल्या पंख्यावर हायवेची काळी धूळ इतकी साचली आहे की पाती ओळखू येत नाहीत. पंक्चरच्या दुकानात जेवणाची सुट्टी आहे, तेवढ्यात हे लिहून पुरं करतो. फोनवर तुम्हाला माझं अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं हैदराबादच्या गोंगाटात जातं. शरणबसप्पाची गाडी संध्याकाळी तिकडं निघणार आहे, त्याच्याजवळ हे पत्र देतो.

मशीन जुनं आहे. सोलापूरच्या एका ऑफिसानं काढून टाकलेलं, आय-फाइव्ह, चौथ्या पिढीचं. रॅम चार जीबी, साधी हार्ड डिस्क, ग्राफिक्स कार्ड नाही. त्यावर मी ट्रक चालवायचा गेम खेळतो. स्टिअरिंग आणि पेडल जुने घेतलेत. कुण्या पोरानं आपल्या तुळजापूरच्या घाटासारखा घाट बनवून इंटरनेटवर टाकला आहे, तो उतरवून घेतला. पण गेम अडखळतो. तिसऱ्या वळणावर तर पुरता थांबतो. चार हजार रुपयांत हे मशीन नीट चालेल असं काय काय घालता येईल ते सांगा.

तुम्ही विचाराल, पंचविशीला आलेल्या पोराला गेम कशाला. खरं कारण सांगतो, पण अव्वाला सांगू नका. दोन वर्षांपूर्वी घाटात अप्पांच्या गाडीचा ब्रेक गेला तेव्हा स्टिअरिंगवर मी होतो. तेही तिसऱ्याच वळणाच्या तोंडाशी. गाडी डोंगराच्या अंगाला घातली म्हणून दोघं वाचलो. अप्पांचा गुडघा गेला, माझं काहीच गेलं नाही असं सगळे म्हणतात. चूक माझी नव्हती. गॅरेजवाल्यानं ब्रेकच्या हवेचा फाटलेला पाइप हातात देऊन दाखवला होता. मला ते पटलं आहे, पायाला पटत नाही. पंक्चर काढलेली गाडी दहा फूट मागं घ्यायची असली तरी मी मालकाला हाक मारतो.

आता तामलवाडीचे श्रीमंतकाका म्हणतात, त्यांचा मुलगा दिवाळीत पुण्याला चालला, त्यांच्या आयशरला ड्रायव्हर पाहिजे. तुळजापूरहून माल भरायचा, घाट उतरून सोलापूरच्या बाजारात टाकायचा. एकदा त्यांना शेजारी बसवून घाट उतरून दाखवला की काम माझं. दिवाळीपर्यंत थांबतो म्हणाले. माझं लायसन्स चालू आहे, फक्त मी चालू नाही.

तुमचा,
अमरनाथ


हैदराबाद
९ सप्टेंबर

तम्मा,

पत्र पोचलं. शरणबसप्पानं ते काउंटरवर ठेवलं आणि तीन कप चहा पिऊन गेला. तो चहा तुझ्या नावावर लिहू का?

पोरा, पाण्याला भ्यायलेला माणूस बादलीत पाय घालून बसला तर त्याला पोहणं येतं का? गेममध्ये मेलं की बटण दाबून उठतात. घाटात ते बटण कुठं असतं, मला दाखव. त्यापेक्षा इकडं ये. माझ्या दुकानात बस, तुझे हात चांगले आहेत. दोन वर्षांत तुझं स्वतःचं दुकान टाकून देतो. तुझी अव्वा म्हणजे माझी अक्का पण सुखानं झोपेल.

तरी विचारलंस म्हणून सांगतो. लोक माझ्याकडं येतात आणि म्हणतात, शिवलिंगप्पा, रॅम टाका. का टाकू? गेम अडकतो तेव्हा कोण दमतं ते आधी बघ. टास्क मॅनेजर उघडा ठेवून त्या तुझ्या वळणावर जा आणि मेमरी किती भरली, डिस्क किती राबते आणि, ताप मोजायच्या वेगळ्या प्रोग्रॅममध्ये, प्रोसेसर किती तापला, हे मला लिही. त्याआधी ती धूळ काढ. रंगाचा ब्रश घे, सायकलचा पंप घे. पंख्याला बोटानं धरून ठेव, मोकळा फिरू देऊ नको. गाडीचं रेडिएटर चिखलानं भरलंय आणि तू नवीन इंजिन मागतोस.

मामा


नळदुर्ग
शनिवार, १३ सप्टेंबर २०२५, सकाळी साडेसात

मामा, शरणार्थ.

पाऊस थांबायला तयार नाही आणि लाईट जाते-येते. आत्ता आहे, म्हणून गेम चालू ठेवून शेजारी हे लिहितो आहे.

धूळ काढली. प्रोसेसर आधी शहाण्णव अंशांपर्यंत जात होता, आता त्र्याऐंशीला थांबतो. तिसऱ्या वळणावर, जिथं टपऱ्या आणि झाडं एकदम येतात, तिथं मेमरी पूर्ण भरते, डिस्क शंभर टक्के दाखवते आणि सेकंदाला फक्त अकरा चित्रं येतात. एरवी बावीस असतात.

अप्पा परवा मागं बाजेवर बसून बघत होते. वळणावर चित्र थांबलं तेव्हा म्हणाले, "गाडी दम खातीया काय?" मी म्हणालो, "मेमरी कमी पडते अप्पा." ते म्हणाले, "माझी बी पडतीया, पर म्या थांबत न्हाय." आणि हसले. घाटाचा विषय निघाल्यावर ते हसलेले मी दोन वर्षांत पहिल्यांदा पाहिलं.

तुमच्या बटणाच्या प्रश्नाचं उत्तर देतो. मामा, मला तेच बटण पाहिजे आहे. खरा घाट मी उतरायला लागलो आणि ते उतरणं अर्ध्यात राहिलं. इथं ते पुरं करता येईल, पाहिजे तितक्या वेळा. पण तिसऱ्या वळणावर चित्र थांबतं. पाय ब्रेकवर असतो आणि गाडी ऐकत नाही. नेमकं तेच तेव्हा झालं होतं. म्हणजे हे मशीन मला रोज तोच धडा देतं की ब्रेक दाबून उपयोग नाही. ते चित्र थांबायचं बंद झालं पाहिजे. एवढंच मागतो आहे.

दुकानाचं म्हणालात त्याबद्दल आभार. पण मी तिकडं आलो तर ते दुकानासाठी नसेल, घाटापासून लांब जाण्यासाठी असेल. तसं यायचं नाही.

चार हजार फोनवरून पाठवले आहेत. पोचले का ते कळवा.

तुमचा,
अमरनाथ


हैदराबाद
२४ सप्टेंबर

तम्मा,

तुझं पत्र वाचलं आणि हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. गिऱ्हाईक समोर उभं होतं, त्याला म्हणालो, थांब जरा, घरचं काम आहे. बादलीचं बोललो ते परत घेतो.

पैसे पोचले. खोकं शरणबसप्पाजवळ दिलंय. त्यात चार-चार जीबीच्या दोन रॅमपट्ट्या आहेत, जुन्या पण तपासलेल्या. एक एसएसडी आहे, नवी. पेस्टची ट्यूब आहे, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून तांदळाच्या दाण्याएवढी लाव, लोणी लावल्यासारखी थापू नको. आणि एक ग्राफिक्स कार्ड आहे. तुझ्या मशीनचा पॉवर सप्लाय लहान आहे, म्हणून आपल्या खाचेतूनच वीज घेणारं कार्ड शोधलं. त्यासाठी बाजाराच्या गल्ल्यांत दोन दिवस हिंडलो. नवीन भारी कार्ड लावलं असतं तर मशीन सुरूच झालं नसतं आणि तू मला शिव्या घातल्या असत्यास.

सगळं एकदम बसवू नको. आधी एसएसडी, तिच्यावर विंडोज आणि गेम टाक. मग रॅम. मग कार्ड. दरवेळी चालू करून बघ, म्हणजे काय बिघडलं ते कळेल. आत हात घालायच्या आधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लाव. रॅम बसताना दोन्ही टोकांना टक् आवाज आला पाहिजे. नाही आला तर बसली नाही, मग तू कितीही नमस्कार कर.

चार हजारांच्या वर गेलंय. घाट उतरलास की बघू.

मामा


नळदुर्ग
बुधवार, १ ऑक्टोबर २०२५, सकाळी सव्वाअकरा

मामा, शरणार्थ.

आज खंडेनवमी. मी टॉर्च तोंडात धरून रॅमच्या खाचेतलं कुंकू सुईनं काढत होतो, ते सोडून हे लिहितो आहे.

काल संध्याकाळपर्यंत सगळं तुम्ही सांगितलं तसं केलं. एसएसडी बसवली. रॅमच्या दोन्ही पट्ट्या टक् आवाज करून बसल्या. गेम पहिल्यापेक्षा खूपच सुधारला, तिसऱ्या वळणावर एकोणीस. कार्ड बसवायला झाकण काढलं आणि लाईट गेली. म्हटलं सकाळी करू, म्हणून मशीन तसंच उघडं ठेवलं आणि सकाळी दुकानाची पूजा होती म्हणून लवकर गेलो. परत येऊन बटण दाबलं तर नुसती शिटी. पुन्हा दाबलं, पुन्हा शिटी. मग आत बघितलं.

अव्वानं विळा, कुदळ, अप्पांचे पाने आणि माझं मशीन, सगळं ओळीनं मांडून पूजा केली होती. कॅबिनेटवर विभूतीचे तीन पट्टे. आत हिरव्या बोर्डावर ओलं कुंकू, पंख्यात अक्षता, रॅमच्या खाचेवर हळदीचं बोट.

मी ओरडलोच. "अव्वा, हे काय केलंस?"

"पूजा केली. समद्या अवजाराची केली, ह्याची नको?"

"आत कुंकू लावलंस!"

"झाकण काढून ठिवलं हुतंस की. मला वाटलं पूजेसाठीच उघडलंय. देवाला कुणी बाहीरनं लावतं व्हय?"

मी खाली बसलो तर पायाला काहीतरी लागलं. ब्रेकच्या पेडलखाली लिंबू होतं. मग बघितलं तर कॅबिनेटच्या चार पायांपुढंही एकेक लिंबू. मामा, विळ्यापुढं लिंबू नव्हतं. कुदळीपुढं नव्हतं. लिंबू आपण गाडीच्या चाकाखाली ठेवतो.

मी विचारलं, "हे कशाला?" तर म्हणाली, "गाडीला ठिवत्यात," आणि आत निघून गेली. मग सुपात कण्या पाखडत बसली आणि माझ्याकडं बघेना.

तिला कुणी सांगितलं? हे फक्त तुम्हाला माहीत होतं. अप्पांनासुद्धा मी श्रीमंतकाकांचं बोललो नाही. तुमच्यावर रागवायचा माझा अधिकार नाही, पण मी स्पष्ट लिहिलं होतं की सांगू नका.

एका खाचेत रॅम लावली की मशीन सुरू होतं. दुसऱ्या खाचेत लावली की शिटी. दिवाळीला तीन आठवडेसुद्धा नाहीत. आता काय करू?

अमरनाथ


हैदराबाद
४ ऑक्टोबर

तम्मा,

वीरभद्राची आण, मी बोललो नाही. तुझं पत्र वाचून मीच अक्काला फोन लावला आणि विचारलं, तुला कुणी सांगितलं? ती काय म्हणाली ते जसंच्या तसं लिहितो.

"जेवाय बसला की मांडी घालत न्हाय. उजवा पाय म्होरं काढतोय आन् ताटाच्या बाजूला दाबतोय. त्याचा बाप तीस वर्सं तसाच जेवला. मला कुणी सांगाय लागतंय व्हय?"

मी म्हणालो, "मग अडवलं का नाहीस?" ती म्हणाली, "पंक्चर काढतोय आन् जाणाऱ्या गाड्या बघतोय. त्ये बघवत न्हाय मला." मी विचारलं, "भीती वाटत नाही?" तर म्हणाली, "वाटती. म्हणून तर पाच ठिवली."

आता तुझ्या मशीनचं. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडं बोर्ड पुसायचं स्पिरिट मिळतं, ते घे. जुना मऊ टूथब्रश घेऊन खाच धू. पाणी लावशील तर मारीन. दिवसभर वाळू दे आणि मग लाव. तरी शिटी वाजली तर ती खाच गेली, रडू नको, तिच्यामागं वेळ घालवू नको. खोक्यात आठ जीबीची एकच पट्टी पाठवतोय, ती चांगल्या खाचेत घाल. दोन पट्ट्या असत्या तर जरा जास्त पळालं असतं, पण तुला पळायचं कुठं आहे, तुला उतरायचंय. जुन्या दोन्ही शरणबसप्पाजवळ परत दे, त्यांचे पैसे धरत नाही.

आणि गेमच्या सेटिंगमध्ये सावल्या बंद कर. सावली नसली तरी ट्रक ट्रकच असतो.

अक्काला ओरडलास ते बरं केलं नाहीस. तिला जाऊन सांग की पूजा पावली.

मामा


नळदुर्ग
बुधवार, १५ ऑक्टोबर २०२५, पहाटे सहा वाजून दहा मिनिटे

मामा, शरणार्थ.

अंगणात स्टुलावर बसून लिहितो आहे. अव्वा चहा टाकते आहे. काल सांगायला फोन केला होता, पण तुम्ही "हॅलो, हॅलो" म्हणून ठेवून दिलात.

ती खाच गेली ती गेलीच. धुतली, वाळवली, शिटी राहिली. आठ जीबीची पट्टी दुसरीत घातली, कार्ड बसवलं, पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी. सावल्या बंद केल्या, लांबची झाडं कमी केली. आरसेही पुसट करणार होतो, पण अप्पा मागून म्हणाले, "आरसा ऱ्हाऊ दे. आरसा म्हंजी अर्धा डायव्हर." म्हणून आरसे ठेवले. तिसऱ्या वळणावर चौतीस चित्रं येतात. ताप सत्तरच्या आत. चित्र थांबत नाही.

मग रोज सकाळी दुकानाआधी घाट. अप्पा बाजेवरून खुर्चीवर आले. पहिल्या दिवशीच म्हणाले, "किती बिरेक मारतोस! बिरेक शेवटाला. उतार इंजिनानं उतरायचा. दुसरा टाक, दुसरा." मी दुसरा गिअर टाकला. गेममध्येसुद्धा गाडी आपोआप धरली गेली. अप्पा म्हणाले, "बघ. त्या दिवशी बी दुसराच हुता तुझा. म्हणून डोंगराला लावता आली." मामा, हे त्यांनी मला आजवर सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

काल मंगळवारी घाट होता. निघताना अव्वानं विचारलं, "किती चाकं?" मी म्हणालो, "सहा." तिनं मोजून सहा लिंबं पिशवीत दिली. मी तिला म्हणालो, "पूजा पावली." ती म्हणाली, "मग खाच कशी काय गेली?" तिला सगळं कळतं, फक्त रॅम कळत नाही असं मी धरून चाललो होतो.

तुळजापूरला सोयाबीनची पोती भरली. श्रीमंतकाका शेजारी बसले. घाटाच्या तोंडाशी मी गाडी बाजूला घेऊन थांबवली. गेममध्ये इथं कधी थांबलो नव्हतो. पाय हलायला लागला होता.

काका म्हणाले, "काय रं, देवीचं दर्शन ऱ्हायलं का?"

"पाच मिनिटं द्या काका."

"उतर खाली. म्या घेतो. दुसऱ्या दिवशी बघू की."

"नाही काका. मीच नेणार."

"पाय तर बघ तुझा."

"पायाला काय करायचं ते करू दे. गाडी मी नेतो."

काकांनी तंबाखूची डबी उघडली आणि परत मिटली. मी उभ्या गाडीतच ब्रेक तीनदा दाबून बघितला, हवेच्या दाबाचा काटा बघितला. दुसरा टाकला आणि सोडली.

पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. पाय तोवर हलतच होता, खोटं लिहीत नाही. तिसरं वळण दिसलं तेव्हा मी ब्रेकवर पाय ठेवला आणि वाट बघायला लागलो की आता चित्र थांबेल. टपऱ्या आल्या, झाडं आली, समोरून एसटी आली. काहीच थांबलं नाही. गाडी दुसऱ्या गिअरात हुंकार देत वळली, एसटीवाल्यानं हात केला, आणि वळण मागं आरशात गेलं. खऱ्या घाटात चित्र थांबायचा प्रश्नच नसतो, हे तेव्हा लक्षात आलं आणि मला हसू आलं. काका म्हणाले, "हसतोस काय, म्होरं बघ."

तामलवाडीत गाडी उभी केली तेव्हा काकांनी डबी उघडली. म्हणाले, "लई हळू उतारलास."

मी म्हणालो, "हो."

"हळू उतारणाराच पायजे मला. टायर माझं हायत." मग म्हणाले, "पाडव्यापासून ये. आता सोलापूरपतुर तूच घे."

संध्याकाळी घरी आलो तेव्हा अप्पा फाटकाशी उभे होते, काठी न घेता. विचारलं फक्त एवढंच, "कुठला गिअर?" मी म्हणालो, "दुसरा." ते आत गेले. जेवताना मी मांडी घातली होती. अव्वानं ताटाकडं बघितलं, पायाकडं बघितलं आणि न मागता आमटी वाढली.

पंक्चरच्या मालकांना कालच सांगितलं. त्यांनी पाडव्यापर्यंत थांबायला सांगितलं आहे, थांबतो. परत द्यायच्या दोन्ही पट्ट्या कागदात गुंडाळून खोक्यात ठेवल्या आहेत. चहा झाला आहे, म्हणून हिशेब लिहून पुरं करतो.

स्टिअरिंग व पेडल, जुने: २,५००
आठ जीबी रॅम, जुनी: १,०००
एसएसडी: १,४५०
ग्राफिक्स कार्ड, जुनं: २,८००
पेस्ट: १२०
बोर्ड पुसायचं स्पिरिट: ९०
एकूण: ७,९६०
पैकी दिलेले: ६,५९०
मामांचे देणे: १,३७०, पहिल्या पगारातून. शरणबसप्पाचे तीन चहा वेगळे.
अव्वाचे देणे: लिंबं अकरा. परत घेणार नाही म्हणते, तरी लिहून ठेवतो.

तुमचा,
अमरनाथ